बोलता बोलता गाणे : हॉलिवूडचे संगीतपट आणि सांगली-साताऱ्याचा कान

इंग्रजी चित्रपटातील माणसे चांगली बोलत असताना एकाएकी गाऊ का लागतात, अशी तक्रार हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांविषयी हमखास ऐकू येते. अन्यत्र कोणी ती केली तर समजण्यासारखे आहे. सांगलीत मात्र ती शोभत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग याच गावात केला. त्या नाटकात गाण्याचा भार सूत्रधारावर होता. पात्रांच्या तोंडी गाणे स्थिरावले ते १८८० मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून. पुढे सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘शारदा’ (१८९९) लिहिले आणि म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची घुसमट तिच्याच पदांतून बोलकी केली. ती पदे काढून टाकली तर नाटकाचा प्राणच जाईल.

हॉलिवूडच्या उत्तम संगीतपटांचे मर्मही हेच आहे. आपल्याकडे ही गाणी बहुधा तबकड्या, कॅसेट आणि आता मोबाइलवरून सुटी सुटी पोहोचली. चाल गोड लागते. पण गाणे कोणाच्या तोंडचे, कोणत्या प्रसंगीचे, हे ठाऊक नसते. नाट्यपद प्रसंगाविना ऐकणाऱ्याला जे मुकावे लागते, तेच येथेही हातचे जाते.

‘द विझार्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधील ‘ओव्हर द रेनबो’ हे त्याचे सर्वांत सोपे उदाहरण. कॅन्सासच्या शेतावर राहणाऱ्या डोरोथीचे गाऱ्हाणे ऐकायला घरात कोणालाच सवड नाही. जिथे काही अडचण उद्भवणार नाही अशी एखादी जागा शोध, असे मावशी तिला वैतागून सांगते. अशी जागा खरोखर असेल का, हा विचार ती आपल्या कुत्र्याजवळ बोलून दाखवते आणि त्या बोलण्यातूनच गाणे सुरू होते. हॅरोल्ड आर्लेन यांची चाल पहिल्याच शब्दात मध्य षड्जावरून थेट तार षड्जावर झेपावते. दूरच्या देशाची ओढ शब्दांत उमगण्याआधी सुरांत ऐकू येते. मधल्या भागात चाल दोनच स्वरांमध्ये झुलत राहते, लहान मुलाच्या चाळ्यासारखी, आणि मग पुन्हा ती उडी. जूडी गार्लंड तेव्हा सोळा वर्षांची होती. या गाण्याने चित्रपट रेंगाळतो असे वाटून प्रायोगिक खेळांनंतर ते कापण्याचे घाटत होते! सुदैवाने ते राहिले आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर त्यालाच मिळाले.

या काळातील पुष्कळ गाण्यांचा साचा असाच आहे. ठेक्याच्या आठ आवर्तनांचा एक तुकडा, त्याचीच पुनरावृत्ती, मग वेगळ्या चालीचा तिसरा तुकडा आणि शेवटी पहिल्या चालीकडे परतणे. धृपद-अंतऱ्याची सवय असलेल्या कानाला तो परका वाटू नये. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) मधील ‘डो-रे-मी’ तर सरळ सरळ सरगमचाच पाठ आहे. पाश्चात्त्यांची ही मेजर स्वरपंक्ती म्हणजे आपला बिलावल थाट. फरक आहे तो विस्तारात. आपला गायक नट ‘वन्स मोअर’ मिळाला की त्याच पदात नवी जागा काढी. हॉलिवूडच्या गाण्यात तानेला वाव नाही, शब्द स्पष्ट पोहोचला पाहिजे. फ्रेड अस्टेअरचा आवाज पातळ, पण शब्दफेक निर्मळ. म्हणूनच थोरामोठ्या संगीतकारांना आपली गाणी त्याने गावीत असे वाटे. दीनानाथांच्या तानेची अपेक्षा ठेवून अस्टेअर ऐकू नये.

गद्य आणि गाणे यांमधली सीमा किती पुसट असू शकते, हे ‘माय फेअर लेडी’ (१९६४) मध्ये दिसते. रेक्स हॅरिसन यांनी प्रोफेसर हिगिन्सची गाणी जवळजवळ बोलूनच म्हटली. दोनदा तेच तसेच म्हणता येणार नाही म्हणून आधीच्या ध्वनिमुद्रणावर ओठ हलवण्यास त्यांनी नकार दिला. अखेर त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन दडवून चित्रीकरणाच्या वेळीच गाणी मुद्रित केली गेली. संगीत नाटकातील साकी-दिंडी साधेपणाने म्हणून पुढच्या संवादाला वाट करून देणारे नट ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या तऱ्हेचे अप्रूप वाटणार नाही. या चित्रपटाचा मूळ आधार म्हणजे शॉचे ‘पिग्मॅलियन’. पु. ल. देशपांडे यांनी त्यावरून ‘ती फुलराणी’ (१९७५) मराठीत आणले, ते गद्य नाटक म्हणून. पण मंजुळेचे मास्तरांवर सूड उगवण्याचे जे स्वगत भक्ती बर्वे यांनी अजरामर केले, ते शॉच्या नाटकात नाही. त्याचे नाते आहे ते अमेरिकन संगीतिकेतील एलायझाच्या ‘जस्ट यू वेट’ या गाण्याशी. गाण्याचे पुन्हा बोलणे झाले, तरी लय सुटली नाही. भक्ती बर्वे यांनी ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम शेवटचा केला तो सातारा जिल्ह्यातील वाई येथे; तेथून परतताना फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले.

मराठीत या धाटणीच्या सर्वांत जवळ गेलेले नाटक मात्र त्याआधीचे. ‘लेकुरे उदंड जाली’ (१९६६) चे लेखक वसंत कानेटकर सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे, त्यात गाजलेले श्रीकांत मोघे सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचे, तर संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. दोनच वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, याच कानेटकर-अभिषेकी जोडीने ‘मत्स्यगंधा’त रागदारीच्या अंगाची पदे दिली होती. ‘लेकुरे’त त्यांनी ती वाट सोडली. संवादातूनच उमलणारी, थट्टेच्या सुरातली आणि पुन्हा संवादात विरणारी गाणी त्यात आहेत. हॉलिवूडच्या संगीतपटाकडे वळू इच्छिणाऱ्याने आधी हे नाटक आठवावे.

या साऱ्याला एक दुखरी बाजूही आहे. नाटकात चेहरा आणि गळा एकाच माणसाचा असे. बोलपट आला आणि हे नाते सैल झाले. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) ही त्याच संक्रमणाची विनोदी कहाणी. कर्कश आवाजाच्या नामवंत नटीसाठी एक अनोळखी मुलगी पडद्याआडून गाते. गंमत अशी की, ती मुलगी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सच्या एका गाण्याला प्रत्यक्षात बेटी नॉइस या गायिकेचा आवाज होता! मार्नी निक्सन यांनी ‘द किंग अँड आय’ (१९५६), ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) आणि ‘माय फेअर लेडी’ या तिन्ही चित्रपटांच्या नायिकांसाठी गळा दिला, पण श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते.

सांगलीला या संक्रमणाची झळ थेट पोहोचली. मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने बोलपटांच्या लाटेत ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) हा चित्रपट काढला. पण त्या व्यवसायात कंपनीचा निभाव लागला नाही. दीनानाथ १९४२ मध्ये गेले. ज्या बोलपटाने वडिलांचा रंगमंच हिरावला, त्याच बोलपटासाठी सांगलीत बालपण घालवलेली त्यांची मुलगी पडद्यामागून गाऊ लागली. ‘महल’ (१९४९) मधील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे नाव.

‘माय फेअर लेडी’ पुन्हा पाहण्याचा योग आला, तर ‘जस्ट यू वेट’ लक्ष देऊन ऐकावे. त्यातला बराचसा भाग ऑड्री हेपबर्नच्या स्वतःच्या, काहीशा खरखरीत आवाजात आहे आणि मध्येच सूर वर चढला की मार्नी निक्सन यांचा गळा येतो.