डब्यावर 'एचडीआर' लिहिलंय म्हणून मॉनिटर घेऊ नका. लिनक्सवाल्यांनी आधी 'या' तीन गोष्टी तपासा

लग्नाचं शूटिंग, ड्रोनचे व्हिडिओ, रील एडिट करणारी पोरं आता तालुक्याच्या गावातही आहेत. त्यातले काही जण विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स वापरतात. नवा मॉनिटर घ्यायला गेलं की दुकानदार सांगतो, "एचडीआर घ्या, थोडेच पैसे जास्त." पण ते पैसे वाया जाऊ शकतात.

एचडीआर म्हणजे काय?
देवळाच्या गाभाऱ्यात समई तेवतेय. साध्या स्क्रीनवर एकतर ज्योत पांढरीफटक दिसते, नाहीतर गाभारा काळाठिक्कर. एचडीआरमध्ये ज्योतही नीट दिसते आणि अंधारातली मूर्तीही.

१) मॉनिटर
नुसतं 'एचडीआर१० सपोर्ट' म्हणजे मॉनिटर सिग्नल घेतो एवढंच. तो नीट दाखवेलच असं नाही. 'व्हेसा' संस्थेचं 'डिस्प्लेएचडीआर' प्रमाणपत्र बघा. त्यापुढचा आकडा म्हणजे उजेड किती, ते. साधा मॉनिटर २५०-३०० निट्सचा असतो, त्यामुळे ४०० वाल्यात फारसा फरक जाणवत नाही. ६०० पासून पुढे बघा. १००० असेल तर उत्तम. स्क्रीनमागचा उजेड भागाभागाने कमी-जास्त होतो का, म्हणजे 'लोकल डिमिंग' आहे का, हेही विचारा. ओएलईडीला त्याची गरज नसते. तिथे 'ट्रू ब्लॅक' हे प्रमाणपत्र असतं.

२) लिनक्सची आवृत्ती
एचडीआर चालायला डेस्कटॉप 'वेलँड'वर हवा. जुन्या 'एक्स११'वर ते चालत नाही. केडीई प्लाझ्मात ही सोय फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.० पासून आहे, तर ग्नोममध्ये मार्च २०२५ च्या ४८ पासून. उबुंटू २४.०४ मध्ये ग्नोम ४६ आहे, म्हणजे तिथे ही सोय मिळणार नाही. डेबियन १३ मध्ये मिळते.

३) केबल
एएमडीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर डिस्प्लेपोर्ट असलेलाच मॉनिटर घ्या. एचडीएमआय २.१ मुक्त ड्रायव्हरमध्ये आणायला एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये परवानगी नाकारली होती. त्यामुळे एचडीएमआयवर 'फोर-के'ला १२० हर्ट्झ मिळण्यात अडचण येते.

मग घ्यायचा का?
सिनेमे बघायचे, गेम खेळायचे असतील तर घ्या. पण गिऱ्हाईकाला साधाच व्हिडिओ द्यायचा असेल, तर एचडीआरचा उपयोग नाही. शंभर टक्के एसआरजीबी रंग दाखवणारा चांगला आयपीएस मॉनिटर घ्या आणि उरलेल्या पैशात रॅम नाहीतर हार्ड डिस्क वाढवा.

जाता जाता : शक्य असेल तर आपला सीपीयू दुकानात घेऊन जा. पेनड्राइव्हवर नव्या केडीईचं लिनक्स टाकून न्या, मॉनिटर जोडा, डिस्प्ले सेटिंग उघडा. तिथे एचडीआरचा पर्याय दिसला, चालू करून चित्रात फरक दिसला, की मगच पैसे द्या. ऑनलाइन घेत असाल, तर परत करायची मुदत आधी वाचा.