एका उंबऱ्यावर दोन कुत्र्या

दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद आहेत असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझे लक्ष मात्र प्रत्येक वेळी भलतीकडेच जाते. चार कुत्री, एकच धनी, जागा चार हात, आणि तरी एकाचाही दात दिसत नाही! ज्या गृहस्थाने घरी दोन कुत्री पाळली आहेत त्याला विचारा. दत्तगुरूंचा याहून मोठा चमत्कार त्याला सांगता येणार नाही.

परभणी जिल्ह्यात मी बत्तीस वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली. जिंतूर, सेलू, पालम, गंगाखेड असा फिरलो. आमच्याकडे यायची ती लाल कंधारी जनावरे, म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्या. कुत्रा घेऊन कोणी दवाखान्याची पायरी चढला तर बाकीचे लोक बैलांच्या वेसणी धरून हसायचे. आता काळ पालटला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण खरी करण्यासाठीच की काय, परभणीच्या वसाहतींतून जर्मन शेफर्ड दिसू लागला. मग ‘बिचाऱ्याला एकट्याला करमत नाही’ म्हणून त्याच्या जोडीला दुसरा येतो. आणि वर्षा-दीड वर्षाने मला फोन येतो, “डॉक्टरसाहेब, दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेत.” मी डॉक्टर नाही, पण हे सांगेपर्यंत समोरचा माणूस निम्मी हकीकत सांगून मोकळा झालेला असतो.

जिंतूरच्या डोंगराकडे हटकर धनगरांचे वाडे उतरत. एकेका वाड्यावर पाच-सहा कुत्री असत, आणि लहानसहान गुरगुर सोडली तर रक्त सांडलेले मी क्वचितच पाहिले. एका म्हाताऱ्याला मी विचारले, “बाबा, हे भांडत कसे नाहीत?” तो म्हणाला, “भांडायला येळ कुठंय सायब? अन् भांडलं तर रान काय कमी हाय का? हारलेलं जातंय निघून.” माझ्या मते अर्धे शास्त्र या उत्तरात आले. हरलेल्याला जायला वाट असली की भांडण मिटते. तीन खोल्यांच्या घरात, लोखंडी फाटकाच्या आत, हरलेल्याने जायचे कुठे?

आता आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. चंद्री सात वर्षांची, गावठी, अंगाने तांबूस. राणी तिच्यानंतर आली, तीही गावठीच. दीड-दोन वर्षे दोघी एका पोत्यावर निजल्या. राणी दोन वर्षांची झाली आणि एके संध्याकाळी मी स्कूटरवरून फाटकात शिरत असताना दोघींची जी जुंपली, ती पाहून शेजारच्या घरांतले दिवे लागले. चंद्रीचा कान फाटला. आठवड्यात दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. त्या वेळी आमचा नातू अकरा महिन्यांचा होता आणि पडवीभर रांगत होता. तिसऱ्या भांडणाच्या रात्री सूनबाईने भाकरी थापता थापता शांतपणे सांगितले, “मामा, या दोघींतली एक तरी जाईल, नाहीतर मी लेकराला घेऊन माहेरी जाते.” मुलाने तोडगा काढला की राणीला पूर्णा स्टेशनवर सोडून यावे, जंक्शन आहे, तिथे खायला मिळेल. आमच्या मंडळींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो ताटावरून उठला.

पाळलेले जनावर असे वाऱ्यावर सोडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले. पण कायद्याने घर चालत नाही. सूनबाईचे म्हणणे रास्त होते. झुंजणाऱ्या दोन कुत्र्यांमध्ये रांगते मूल आले, तर त्याला कोणी मुद्दाम चावणार नाही, पण चावा बसायचा तो बसेलच. म्हणून पहिली अट ठरली ती मुलाची: कुत्र्या अंगणात, मूल घरात, मूल पडवीत, तर कुत्र्या बांधलेल्या. त्यात सवलत नाही.

आता लोक सल्ला देतात तो असा: “त्यांच्यात एक राजा असतो. त्यांचं त्यांना ठरवू द्या.” या समजुतीचा उगम मोठा गमतीचा आहे. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या शास्त्रज्ञाने प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरनिराळ्या ठिकाणचे, एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात घातल्यावर ते मारामाऱ्या करणारच. पुढे अमेरिकेतल्या डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ‘म्होरक्या लांडगा’ जगभर गेला. त्याच मेकसाहेबांनी रानात वर्षानुवर्षे लांडगे पाहिल्यावर 1999 साली लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे, एवढेच. तिथे गादीसाठी लढाया चालत नाहीत. आपले पुस्तक छापणे थांबवा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले, आणि 2022 साली ते थांबले. स्वतःचेच पुस्तक बंद पाडण्यासाठी झटणारा लेखक विरळाच! पण आमच्या गल्लीत ‘राजा ठरू द्या’ अजून चालूच आहे. ठरू द्यायला गेले की भांडण मिटत नाही, मुरते. दर झुंजीनंतर दोघी एकमेकींना अधिक भितात, आणि भ्यालेले कुत्रे आधी चावते.

2011 साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी एकाच घरात भांडणाऱ्या 38 जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 30 जोड्या एकाच लिंगाच्या होत्या, आणि भांडणाऱ्यांत कुत्र्यांपेक्षा कुत्र्याच जास्त निघाल्या. कुरापत काढणारे बहुधा वयाने लहान आणि घरात मागाहून आलेले. निमित्ते कोणती? धन्याचे लक्ष, खाणे, सापडलेले एखादे हाडूक, आणि उत्साहाचा क्षण. मी स्कूटरवरून फाटकात शिरतो तो नेमका हाच क्षण. अमेरिकेत मोटार असेल, आमच्याकडे स्कूटर. कुत्र्यांची जात एकच.

पण मला खरा धागा सापडला तो चंद्रीच्या चालण्यात. सकाळी उठताना ती मागचे पाय क्षणभर ताठ धरी. जुने कुत्रे चिडके झाले की आधी त्याला कुठे दुखते ते पाहावे, हे मी गुराढोरांकडून शिकलो होतो. ठणकणाऱ्या कासेला हात लावला की गरीब गायही लाथ मारते. परभणीत 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपली केवढी सोय! तिथे क्ष-किरण काढले. कंबरेच्या सांध्यात संधिवात. म्हणजे राणी लाडाने अंगावर उडी घेई तेव्हा चंद्रीच्या कंबरेत कळ जाई, ती दात दाखवी, आणि राणी आता ऐकून घेण्याच्या वयाची राहिली नव्हती. औषध पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे सुरू केले. (घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. आयबुप्रोफेनसारखी गोळी त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते.) राणीची भांडणे माजाच्या आसपास वाढत होती, म्हणून तिची शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रिया हा रामबाण नव्हे, हे तेवढ्यातच सांगून ठेवतो. कित्येक घरांत तिने काही फरक पडत नाही.

पहिले पंधरा दिवस दोघींचे तोंडही एकमेकींना दिसू दिले नाही. मधे बंद दार. पोत्यांची मात्र अदलाबदल करीत होतो, म्हणजे हिचा वास तिला मिळावा. मग पहाटे विद्यापीठाच्या बाजूला फिरणे सुरू झाले. चंद्री माझ्या हाती, राणी मुलाच्या, मधे वीस पावलांचे अंतर, आणि दोघींची तोंडे एकाच दिशेला. समोरासमोर आणून ‘चला, मैत्री करा’ म्हणणे हा शुद्ध वेडेपणा. अनोळखी माणसांनासुद्धा असे उभे केले तर ते संकोचतात. अंतर रोज थोडे कमी केले. कुठे एकीने टक लावली, अंग ताठ केले, पाठीवरचे केस उभे राहिले, की पुन्हा पाच पावले लांब. ज्या मुलाला राणी पूर्णा स्टेशनवर सोडायची होती, तोच महिन्याभरात तिच्यासाठी पाच वाजताचा गजर लावू लागला. मी काही बोललो नाही.

गुरगुरण्यावर मात्र कोणी ओरडायचे नाही, असा घरात नियम केला. मंडळींना हे पटेना. पण गुरगुर ही कुत्र्याची पूर्वसूचना आहे. मारून मारून ती बंद केली तर पुढे सूचनेवाचून चावा येतो. सापाचा फूत्कार बंद करून कोणी सुरक्षित झाला आहे का?

तोंडाला जाळीचे मुसके घालायची सवय लावली, तीही भाकरीच्या तुकड्यांवर, आठ-दहा दिवस. मुसके आत जीभ बाहेर काढून धापता येईल असे सैल हवे. आमच्या परभणीचा उन्हाळा ठाऊक आहे ना? कुत्र्याची उष्णता मुख्यतः धापण्यानेच बाहेर जाते. करकचून आवळलेले मुसके मे महिन्यात जीव घेईल. खाणे दोघींचे दोन टोकांना, दाराआड, आणि ताटल्या लगेच उचलायच्या. मी घरी आलो की दोघी बसल्याशिवाय कोणालाच हात लावायचा नाही. हा नियम पाळणे कुत्र्यांना सोपे गेले, मला जड गेले.

आणि भांडण लागलेच तर? गळपट्ट्याला हात घालू नका. त्या क्षणी तिला आपला हात आणि शत्रूचा पाय यांत फरक कळत नाही. बादलीभर पाणी, जाड गोधडी, नाहीतर सरळ बाज उचलून मधे लोटावी. शेजारच्या गृहस्थांनी हात घातला होता; त्यांचा तळहात फाटला. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि त्यांना इंजेक्शनाला पाठवले. “तुमची कुत्री तर घरची,” म्हणून ते निघायला तयार नव्हते. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की त्यावर उपाय नाही. इंजेक्शनांचा क्रम पुरा केलाच पाहिजे, घरचे असो की दारचे. हळद, चुना, मिरची जखमेवर भरणे तर नकोच नको.

चौथ्या महिन्यात दोघी अंगणात एकत्र वावरू लागल्या. पोत्यावर एकत्र निजत नाहीत. ते दिवस गेले. घरी कोणी नसले की आजही दोघींच्या मधे दार असते. सूनबाई माहेरी गेली ती दिवाळसणापुरतीच. सगळ्यांचे असे होत नाही. गंगाखेडच्या एका घरात दोन बहिणी-बहिणी कुत्र्या होत्या. सहा महिने सगळे करून पाहिले, शेवटी एकीला त्याच कुटुंबाच्या शेतावर हलवावे लागले. तिथे ती मजेत आहे, आणि त्या घराने योग्य केले असे माझे मत आहे. रोज भीतीत जगण्यापेक्षा चांगले दुसरे घर बरे. फक्त ते घर असावे, स्टेशन नसावे.

नेपाळात दिवाळीतला एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांना टिळा लावतात, झेंडूच्या माळा घालतात, गोडधोड देतात. आमच्याकडे त्याच सुमाराला फटाके. आवाजाने घाबरलेले कुत्रे जवळ जो असेल त्याच्यावर उलटते, आणि महिन्यांची मेहनत एका सुतळी बॉम्बने जाते. म्हणून आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळपासूनच चंद्री देवघराशेजारच्या खोलीत असते आणि राणी माडीवर. खिडक्यांना गोधड्या, दोन्हीकडे रेडिओ चालू, आणि पहाटे अभ्यंगस्नानाआधी, फटाके सुरू होण्यापूर्वी, दोघींची एक फेरी. यंदा राणीची फेरी नातवाने मागून घेतली आहे. तो आता सात वर्षांचा आहे. दोरीचे दुसरे टोक त्याच्या बापाच्या हातात राहील.