पारिजात आणि वाशिमचा राजा

१५ सप्टेंबर १९४६. न्यूयॉर्कच्या आकाशात परग्रहावरचा एक विषाणू पसरतो. ज्यांना तो गाठतो त्यांतले बहुतेक मरतात. वाचलेल्यांपैकी बहुतेक विद्रूप होतात आणि मोजक्यांना अचाट शक्ती मिळते. १९८७पासून निघणाऱ्या ‘वाइल्ड कार्ड्‌स’ या कादंबरीमालेची ही सुरुवात. संपादक जॉर्ज आर. आर. मार्टिन, लेखक मात्र अनेक.

त्यातला क्रॉइड क्रेन्सन रॉजर झेलाझनीने घडवला. तो झोपून उठला की दर वेळी नवं शरीर, नवी शक्ती! हा माणूस पुढे इतर लेखकांच्या गोष्टींतही बिनदिक्कत हिंडतो. ‘जोकर्स वाइल्ड’मध्ये तर एकाच दिवसाची कथा कित्येक हातांनी लिहिली आहे, ज्याने त्याने आपलं पात्र सांभाळलं आणि मार्टिनने ते सगळे तुकडे तासातासाने एकमेकांत विणले. वाचताना शिवण शोधावी लागते.

पण दुसऱ्यांनी रंगवलेला नायक आपल्या हाती आला, तर त्याची गोष्ट किती बदलायची मुभा असते? या प्रश्नाचा आपल्याकडे हजाराहून अधिक वर्षांपूर्वी कसून विचार झाला, आणि तेव्हा पुढे केलेल्या उदाहरणांत एक होतं आपल्या वाशिमचं!

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात ही शाखा सुरू करणाऱ्या सर्वसेन राजाने प्राकृतात ‘हरिविजय’ हे महाकाव्य लिहिलं. नायक श्रीकृष्ण. महाभारत, हरिवंश, पुराणं असे कितीतरी हात त्या नायकावरून आधीच फिरलेले. स्वर्गातून पारिजात आणण्याची कथाही जुनीच. सर्वसेनाने ती रुसलेल्या प्रियेची समजूत काढण्याशी जोडली.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात नियम मांडला: जुन्या कथेतला जो भाग रसाला मारक ठरतो तो कवीने खुशाल सोडावा, रसाला पोषक असा नवा कल्पावा, नुसती हकिकत सांगायला इतिहास आहेच. उदाहरणादाखल त्याने कालिदासाच्या रचना, स्वतःचं काव्य आणि ‘हरिविजय’ यांची नावं घेतली. पुढे या ग्रंथाचा टीकाकार अभिनवगुप्त याने खुलासा केला की पारिजातहरणाला दिलेलं हे निमित्त इतिहासग्रंथांत दिसत नाही.

मला थक्क करतं ते हे. मार्टिनच्या विश्वाला संपादक आहे. कृष्णाच्या विश्वाला कुणीच नव्हता. तिथे निवाडा करायचा तो रसाने. कुठे वाशिम, कुठे काश्मीर! तरीही एका राजाने केलेला बदल शतकांनंतर तिथल्या पंडितांनी नेमका हेरला आणि उचलून धरला.

‘हरिविजय’ आज अखंड मिळत नाही. आनंदवर्धन, राजा भोज अशांनी उद्धृत केलेले श्लोक तेवढे उरले. त्यांतल्या एकात वसंतलक्ष्मीने आंब्याचा मोहर कानात खोवला आहे, आणि तिने मुख पुढे केलेलं नसतानाही मदन ते आपलंसं करतो.