विमानतळ आणि शेतकऱ्याची जमीन

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या बाजूच्या शेतकऱ्यांस विमानतळ हा विषय नवा नाहीं. कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नेवाळीचा माळ लागतो. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या सुमारास, इंग्रज सरकारनें तेथील व भोंवतालच्या गांवांची मिळून सोळाशें एकरांच्या आसपास जमीन लष्करी विमानांच्या धांवपट्टीकरितां ताब्यांत घेतली. युद्ध संपलें, विमानें गेलीं, पण जमीन परत आली नाहीं. त्याच युद्धाकरितां उभारलेली शेजारची कल्याण छावणी १९४७ नंतर सिंधी निर्वासितांस राहावयास मिळाली व १९४९ सालीं तिचें उल्हासनगर झालें. नेवाळीची जमीन मात्र संरक्षण खात्याकडे राहिली. आणि बऱ्याच ठिकाणीं जुनीं घराणींच तींत भात पिकवीत राहिलीं. २०१७ सालीं नौदलानें तेथें भिंत घालण्यास आरंभ करतांच २२ जून रोजीं शेतकरी रस्त्यावर आले. गाड्या जळाल्या, पोलिसांनीं छर्रे झाडले, दोन्ही बाजूंचीं माणसें जखमी झालीं.

मुंबईस दुसरा विमानतळ कां लागला, हें प्रथम पाहूं. सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदून जातात. एकीवर विमान उतरत असतां दुसरीचा उपयोग करतां येत नाहीं. दोन पाटांचें पाणी एकाच दारानें सोडावें तशी ही अडचण आहे. भोंवतीं घरांची एवढी दाटी कीं नव्या पट्टीस जागा उरलेली नाहीं. म्हणून पनवेलजवळ उलवें येथें नवा विमानतळ काढण्यास २००७ सालीं केंद्र सरकारनें संमति दिली. फेब्रुवारी १९१८ नव्हे, तर १०० वर्षांनंतरच्या फेब्रुवारी २०१८ मध्यें त्याची कोनशिला बसली, ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालें व २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. जुना विमानतळ बंद झालेला नाहीं. त्याचा भार वांटून घेण्याची ही योजना आहे.

विमानतळास जमीन किती लागते, याची कल्पना पुष्कळांस नसते. उलव्याचें क्षेत्र १,१६० हेक्टर, म्हणजे सुमारें २,८६६ एकर आहे. धांवपट्टीची लांबी ३,७०० मीटर, म्हणजे एका कोसाहून अधिक. शिवाय उतरत्या व चढत्या विमानास लांबवर मोकळी वाट हवी. म्हणून सुमारें ९० मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर सुरुंग लावून उतरविला, त्याच दगडमुरमानें खाजण भरलें आणि उलवें नदीचें पात्र वळविलें. दहा गांवें उठलीं. नेवाळीसारखा आयता सपाट माळ असल्यास एवढा खटाटोप करावा लागत नाहीं, आणि म्हणूनच अशा माळावर सर्वांची नजर असते. खारफुटीच्या नाशामुळें उलव्याच्या जागेविषयीं केंद्रीय पर्यावरण खात्यानें हरकत घेतली, त्या वेळीं पर्याय म्हणून कल्याणच्या याच जागेचें नांव पुढें आलें होतें. नोव्हेंबर २०१० मध्यें उलव्यास परवानगी मिळाली व तो विचार मागें पडला.

आतां मुख्य गोष्ट. सरकार जमीन घेतें तें दोन प्रकारांनीं. एक तात्पुरता ताबा: यांत मालकी शेतकऱ्याचीच राहते व त्यास वापराबद्दल भरपाई मिळते. दुसरें संपादन: यांत निवाडा होऊन मोबदला ठरतो व मालकी कायमची जाते. युद्धकाळच्या भारत संरक्षण नियमांखालीं पहिल्या प्रकारानेंही ताबा घेतां येत असे. नेवाळीचे शेतकरी म्हणतात, जमीन युद्धापुरती दिली होती. संरक्षण खातें म्हणतें, ती रीतसर संपादिली आहे. एवढ्या एका मुद्यावर तीन पिढ्या गेल्या. त्यांतून, ज्या कुळाचें नांव त्या काळीं कागदावर नव्हतें त्याची स्थिति अधिकच बिकट. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानें इतर कुळें मालक झालीं. पण जी जमीन आधींच सरकारजमा धरली गेली तिच्यावर त्याचा काय उपयोग?

पनवेल-उरणकडे शेतकऱ्यांनीं निराळा धडा घातला. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जानेवारी १९८४ मध्यें लढा झाला, त्यांत पांच शेतकरी गोळीबारास बळी पडले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें तत्त्व सरकारनें मान्य केलें, आणि विमानतळाकरितां तें प्रमाण साडेबावीस टक्के झालें. एक एकर म्हणजे ४० गुंठे. पहिल्या हिशेबानें ५ गुंठे, दुसऱ्या हिशेबानें ९ गुंठे. हे गुंठे रस्ता, पाणी व वीज असलेले असल्यामुळें त्यांची किंमत शेतीच्या गुंठ्याहून पुष्कळ अधिक भरते. तथापि त्यांत भात होत नाहीं व खाजणांतली मासळीही येत नाहीं. हा तोटा कोणत्याच टक्क्यांत धरलेला आम्हांस दिसला नाहीं.

ज्यांच्या शिवारांत मोजणीदार येतील त्यांनीं नोटीस कोणत्या कायद्याखालीं व कोणत्या कलमाखालीं आहे हें प्रथम वाचवून घ्यावें. वारसनोंदी राहिल्या असल्यास त्या आधीं कराव्या. मयताच्या नांवची जमीन असली कीं मोबदला अडतो. रक्कम मान्य नसेल तर ती घेतांना ‘हरकत राखून’ असें लेखी नमूद करावें. एरवीं वाढीव मोबदल्याकरितां दाद मागण्याचा हक्क बुडतो. १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आलेल्या भूसंपादन कायद्यांत एक कलम असें आहे कीं, घेतलेली जमीन पांच वर्षें न वापरल्यास ती मूळ मालकाकडे किंवा सरकारच्या भूमिकोशाकडे परत जावी. या ‘किंवा’ कडे लक्ष असावें. नेवाळीचा ताबा या कायद्याहून सत्तर वर्षें जुना, तेव्हां त्या घराण्यांस १९४२ च्या आगेमागेचे फेरफार व सरकारी हुकूम हेच आधार आहेत. तहसील कचेरीच्या अभिलेख-दालनांतून त्यांच्या नकला अर्ज करून मागतां येतात.