दोन भाषा, एक पास : पवईतील कंपायलर-संशोधनाचा परिचय

सी किंवा फोर्ट्रान भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला कळेल अशा संकेतांत उतरवताना कंपायलर त्याच्यावरून अनेकदा फिरतो. या प्रत्येक फेरीला 'पास' म्हणतात आणि प्रोग्रॅमचे उत्तर न बदलता त्यातील अनावश्यक काम कमी करणे हे ऑप्टिमायझेशन पासचे कार्य असते. प्रत्येक भाषेसाठी आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी असे पास वेगळे लिहिणे परवडत नाही, म्हणून सर्व भाषांना सामाईक असे एक मधले रूप असावे, ही कल्पना १९५८ मध्येच 'अनकॉल' या नावाने मांडली गेली, परंतु ती तेव्हा कागदावरच राहिली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये २००५ च्या ४.० आवृत्तीपासून 'गिंपल' हे मधले रूप वापरात आले. त्यात एका विधानात साधारणपणे एकच क्रिया असते; 'क्ष = अ + ब × क' याची 'ट = ब × क' आणि 'क्ष = अ + ट' अशी दोन विधाने होतात, मग मूळ ओळ सीमधली असो वा फोर्ट्रानमधली.

अशा मधल्या रूपांवर चालणाऱ्या विश्लेषणाची एक भक्कम परंपरा मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये उभी राहिली. एतीन मोरेल आणि क्लोद रनव्हाज यांनी १९७९ मध्ये अंशतः पुनरुक्त गणिते काढून टाकण्याची रीत दिली होती : 'अ + ब' ही बेरीज एका फाट्यावर झालेली असेल, दुसऱ्यावर नसेल आणि फाटे एकत्र आल्यानंतर ती पुन्हा होत असेल, तर ती दुसऱ्या फाट्यावर घालावी आणि पुढची काढून टाकावी. धनंजय धामधेरे यांनी या रीतीवर काम करताना बेरीज विधानांच्या गटात न घालता दोन गटांना जोडणाऱ्या वाटेवर घालण्याचा मार्ग विकसित केला, तर १९९४ मध्ये उदय खेडकर आणि धामधेरे यांनी या प्रकारच्या विश्लेषणांचा व्यापक सिद्धांत मांडला. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्या २००९ च्या ग्रंथात जीसीसीसाठीचे 'जीडीएफए' हे साधन येते. त्यात माहिती कोणत्या दिशेने वाहते, फाटे मिळाल्यावर ती कशी एकत्र करायची, एवढे सांगितले की विश्लेषण तयार होते. सिद्धांत चालत्या कंपायलरवर तपासून पाहण्याची ही शिस्त या परंपरेची सर्वांत मोलाची बाजू मानावी लागेल.

तथापि भाषांमधील भेद गिंपलमध्ये पूर्ण विरघळतात असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. एकाच प्रकारचे 'प' आणि 'फ' हे दोन अ‍ॅरे फंक्शनला दिले आहेत आणि लूपच्या प्रत्येक फेरीत 'प'चा पहिला घटक वाचून 'फ'मध्ये लिहिले जाते, अशी कल्पना करावी. सीमध्ये दोन्ही पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत असू शकतात, त्यामुळे 'फ'मधील लेखनाने 'प' बदलला असण्याची शक्यता धरून तो घटक दरवेळी पुन्हा वाचावा लागतो. फोर्ट्रानचा नियम मात्र असा की, ज्या आर्ग्युमेंटमध्ये लेखन होते ते साधारणतः दुसऱ्याशी जागा वाटून घेत नाही, म्हणून तेच वाचन लूपबाहेर काढता येते. सीला हीच हमी देण्याची सोय १९९९ च्या मानकात 'रिस्ट्रिक्ट' या शब्दाने मिळाली. पास तोच असतो, पण त्याच्या हाती आलेली माहिती वेगळी असते. ती मधल्या रूपापर्यंत सांभाळून न आणणारा फ्रंटएंड, म्हणजे मूळ भाषा वाचणारा कंपायलरचा पुढचा भाग, चांगल्या पासलाही पंगू करतो.

जीसीसी ४.५ मध्ये, २०१० साली, लिंकिंगच्या वेळी, म्हणजे वेगवेगळ्या कंपाइल केलेल्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र जोडताना, ऑप्टिमायझेशन करण्याची सोय आल्यावर हा प्रश्न अधिक नाजूक झाला, कारण ऑब्जेक्ट फाइलमध्ये गिंपलही साठवले जाऊ लागले आणि सीमधील छोटे फंक्शन थेट फोर्ट्रानच्या लूपमध्ये उतरवणे शक्य झाले. अशा वेळी दोन्ही बाजूंनी एकाच फंक्शनचे किंवा चलाचे वर्णन वेगवेगळ्या प्रकारांनी केले असेल, तर पूर्वी निमूट जुळून जाणारी ती विसंगती आता चुकीचे उत्तर देऊ शकते. फोर्ट्रान २००३ ने सीशी जुळणारे प्रकार आणि जोडणीचे नियम त्याआधीच मानकात घातले होते, आणि आता जीसीसी लिंकिंगच्या वेळी अशा प्रकार-विसंगतीबद्दल इशारा देते.