रोजची सायकल – लेखांक ६ : पावसात रस्ता धरणारा टायर

सायकलचे टायर बदलायचे असतील तर मे संपायच्या आत बदलावेत. जून लागला की सायकल दुरुस्तीवाल्याला मान वर करायला सवड नसते आणि गिऱ्हाईकालाही हाती लागेल तो टायर चढवून घरी पळायचं असतं. मग पुढचे चार महिने त्याच टायरवर काढायचे. तेही माणगावात, जिथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे रोज कामाला किंवा कॉलेजला सायकलने जाणाऱ्याने खोल नक्षीच्या मागे लागू नये. फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद, वरून जवळपास सपाट आणि जरा मऊ रबराचा टायर घ्यावा, त्यात हवा बेताची ठेवावी. आणि पैसे एकाच नव्या टायरपुरते असतील तर तो पुढच्या चाकाला घालावा. दुकानात बहुतेकदा याच्या उलट सल्ला मिळतो, म्हणून कारणं जरा सविस्तर सांगतो.

पण त्याआधी माप. ‘अठ्ठावीसचा द्या’ एवढं सांगून भागत नाही. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ‘४०-६३५’ असे जोडीचे आकडे उठवलेले असतात. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा, टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपली जुनी काळी उभी सायकल, दांड्याला ब्रेकच्या सळ्या असलेली, ती २८ x १½ ची, म्हणजे ६३५. अलीकडच्या हायब्रिड सायकलींचं ७००सी म्हणजे ६२२, आणि त्यालाही कित्येक टायरांवर २८ इंचच छापलेलं असतं. फरक १३ मिलिमीटरचा. एकाचा टायर दुसऱ्याला बसणं अशक्य. सव्वीसची गोष्ट याहून फसवी आहे. मुलींच्या आडवा दांडा नसलेल्या सायकलीचं २६ x १⅜ म्हणजे ५९०, आणि जाड टायरांच्या गिअरवाल्या सायकलीचं २६ x १.९५ म्हणजे ५५९. एकात अपूर्णांक, दुसऱ्यात दशांश, आणि व्यासात तब्बल ३१ मिलिमीटरचं अंतर. निजामपूरहून किंवा इंदापूरहून बाजाराला येणार असाल तर घरून निघतानाच जुन्या टायरवरचे ते दोन आकडे कागदावर लिहून घ्या.

६३५ वाल्यांनी एक काळजी करू नये. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला तेव्हा ‘आता या सायकलींचे भाग मिळायचे नाहीत’ असं वाटणारे पुष्कळ होते. टायरांना तरी ती भीती लागू नाही. लुधियानाच्या कंपन्या हे माप बनवतात, आणि नेदरलँड्समधल्या जुन्या धाटणीच्या सायकलीही याच मापावर चालतात.

आता पकडीकडे येऊ. सायकल आणि स्वार मिळून ९५ किलो धरा. मागच्या चाकावर त्यातले साधारण ५५ किलो येतात. टायरमध्ये ५० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब असेल, तर रस्त्याला टेकणारा तुकडा ढोबळ हिशेबाने १५-१६ चौरस सेंटिमीटरचा. काडेपेटीएवढा. हवा ३५ पीएसआयवर आणली तर हाच तुकडा २२ चौरस सेंटिमीटरपर्यंत जातो. पण अरुंद टायरमध्ये हवा इतकी उतरवली तर खड्ड्यात रिम थेट ट्यूबवर आदळते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रुंद टायरमध्ये ती उतरवता येते. रुंदीचा खरा फायदा हा आहे.

याच तुकड्यावर गुट्ट्यांची नक्षी आली की काय होतं? गुट्ट्यांच्या मधली जागा रस्त्याला लागतच नाही. काँक्रीटवर वळताना उंच गुट्ट्या मुडपतात आणि चाक सरकल्यासारखं वाटतं. ‘पण पाणी निघून जायला नक्षी हवीच ना?’ हा प्रश्न हमखास येतो. मोटारीला हवी. मोटारीचा टायर रुंद आणि त्यातली हवा कमी, त्यामुळे वेगात त्याच्याखाली पाण्याचा थर अडकतो आणि गाडी तरंगते. नासाचे संशोधक वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरांसाठी याचं सूत्र मांडलं: तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. त्यात ४५ पीएसआय घातले तर तो वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. आपण पंधरा-वीसच्या वेगाने जाणार, तेही अरुंद गोल टायरवर. टायर पाणी आपोआप बाजूला सारतो. ओल्या रस्त्यावर धरतं ते रबर, आणि ते जेवढं जास्त टेकेल तेवढं बरं.

तरीही माणसं घसरतात, ती कुठे घसरतात ते पाहिलं की उलगडा होतो. पहिल्या सरीनंतर धूळ आणि तेल मिळून जो बुळबुळीत थर तयार होतो, त्यावर. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, गटारावरच्या लोखंडी जाळीवर. आळीतल्या सिमेंटच्या रस्त्याला जुलैत शेवाळ धरतं, तिथे. लावणीच्या दिवसांत चिखलणी करून ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर येतो, त्याच्या चाकांमागून चिखलाचे पो पडत जातात, तिथे. शेवाळ आणि लोखंड यांवर कुठलीच नक्षी उपयोगी नाही. वेग आधीच कमी करायचा, हँडल सरळ ठेवायचं आणि त्या जागेवर ब्रेक दाबायचा नाही. चिखलाच्या रेंद्यात मात्र गुट्ट्या रुततात आणि धरतात. ज्यांचं घर वाडीच्या कच्च्या रस्त्यावर आहे त्यांनी मधला पट्टा सपाट आणि कडेला गुट्ट्या, असा टायर पाहावा. सरळ जाताना सपाट भाग चालतो आणि मऊ मातीत चाक रुतलं की कडा लागू होतात.

टिकाऊपणाची गोष्ट पकडीच्या थोडी आड येते. रबरात काजळी मिसळली की ते झिजेला दाद देत नाही, म्हणून टायर काळे. सिलिका मिसळली की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते, पण असा टायर महाग पडतो. स्वस्त टायर टिकवायचा सोपा उपाय म्हणजे रबर कडक ठेवणं. तो वर्षानुवर्षं झिजत नाही आणि पावसात धरतही नाही. दुकानात टायरच्या मधल्या पट्ट्यावर अंगठ्याचं नख रोवून पाहा. नख किंचित आत जाऊन खूण उमटली आणि हळूहळू बुजली, तर रबर चांगलं. प्लॅस्टिकवर दाबल्यासारखं नख नुसतं सरकलं तर ठेवून द्या. मग टायर हातात मुडपून बाजूच्या भिंतीकडे पाहा. केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर तो माल जुना आहे. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला खातात, म्हणून दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर कधीही घेऊ नका. आतल्या फळीवरचा काढून मागा.

पंक्चर वाचवायचं तर रबर कडक असण्यापेक्षा नक्षीच्या खाली संरक्षक थर असणं महत्त्वाचं. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरातल्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. इथल्या कित्येक पंक्चरांचं मूळ तेच असतं. विळे-भागाडच्या औद्योगिक क्षेत्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहनं सतत असतात, तिथे हे जास्त. वाडीत शिरलं की करवंदीच्या जाळ्या तोडून घातलेली कुंपणं, त्यांचे काटे. श्वाल्बेच्या ‘मॅरेथॉन प्लस’मध्ये नक्षीखाली ५ मिलिमीटर जाड लवचीक रबराचा थर आहे. तार किंवा काटा तेवढ्यातच अडकतो. टायर जड होतो आणि किंमत देशी टायरच्या कित्येक पट. रोज लोणेऱ्याच्या विद्यापीठापर्यंत जाऊन येणाऱ्या, ६२२ मापाच्या सायकलवाल्याला मी तो खर्च करायला सांगेन. गावातल्या गावात फिरणाऱ्याला नाही. त्याने चांगला देशी टायर आणि ब्युटाइल रबराची ट्यूब घ्यावी. साध्या नैसर्गिक रबराच्या ट्यूबमधली हवा लवकर उतरते आणि मग माणूस नकळत महिनाभर अर्ध्या हवेवर चालवत राहतो. अशा टायरच्या बाजूच्या भिंती सगळ्यात आधी जातात.

पुढचं चाक आणि नवा टायर याबद्दल. मागचा टायर भार जास्त घेतो म्हणून आधी झिजतो, आणि माणूस साहजिकच नवा टायर मागे घालतो. पण मागचं चाक घसरलं तर पाय टेकवून सावरता येतं. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, माणूस थेट खांद्यावर पडतो. म्हणून पुढचा अर्धा झिजलेला टायर मागे न्यायचा आणि नवा पुढे चढवायचा. मजुरी थोडी जास्त पडेल, पडू द्या.

टायर चढवताना दुकानात उभं राहून तीन गोष्टी करून घ्या. रिमच्या आतली पट्टी कुजली असेल तर बदला, नाहीतर आऱ्यांची टोकं ट्यूबला आतून टोचतात. स्क्रूड्रायव्हर वापरू देऊ नका. शेवटची वीतभर कड व्हॉल्व्हजवळ, अंगठ्यांनी ढकलून बसते. आणि टायरवरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हसमोर येऊ द्या. पुढे पंक्चर झालं की ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून किती वीत आहे ते मोजायचं आणि नावापासून तेवढ्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, टायर आतून बोटाने चाचपायचा. तार तिथेच रुतलेली सापडते. ती न काढता नुसतं ठिगळ लावलं तर संध्याकाळी पुन्हा पंक्चर ठरलेलं.

हवा किती? ४० मिलिमीटर रुंद टायरला, मध्यम वजनाच्या माणसाने, मागे ५० आणि पुढे ४० पीएसआयपासून सुरुवात करावी. पावसाळ्यात दोन्हीकडे पाचेक कमी. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादांच्या आतच राहायचं. मोटारसायकलच्या हवेच्या नळीने भरू नका, ट्यूब लहान असल्यामुळे दाब क्षणात वर जातो.

इतकं करूनही लोखंडी रिमच्या सायकलीचा ब्रेक पावसात उशिरा लागतो. टायर रस्ता धरतो, पण ओली रिम ब्रेकच्या रबराला धरत नाही. त्याला कुठलं रबर लावायचं आणि सळीचे ब्रेक कसे आवळायचे, ते पुढच्या आठवड्यात.