हूकचा सांधा आणि एक चुकलेली दुरुस्ती

वाघोलीला माझा चुलतभाऊ राहतो. त्याच्याकडे एक जुनी पिकअप आहे. पहाटे ती भाजीचे क्रेट घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाते आणि त्यावरच त्याचे घर चालते. गाडी उभी राहिली की भाड्याचा टेम्पो करावा लागतो आणि त्या दिवशी हाती काही उरत नाही. या गाडीने क्लच सोडताना ‘टक्’ असा आवाज करायला सुरुवात केली. मग वेग वाढवला की खालून चीं चीं ऐकू येऊ लागले. ‘‘दादा, तू एवढा शिकलेला, बघ की एकदा,’’ असे तो म्हणाला आणि मी नको तिथे होकार दिला.

गाडीच्या खाली वाकून पाहिले तर गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत एक लांब पोलादी नळी गेलेली दिसते. हा प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाचे फिरणे तो मागच्या चाकांकडे नेतो. गिअरबॉक्स चासीला पक्का बसवलेला असतो. मागची धुरी मात्र पाट्यांवर टेकलेली असते आणि खड्ड्यागणिक वर-खाली होते. म्हणजे शाफ्टला फिरता फिरता आपला कोन बदलावा लागतो आणि थोडी लांबीही बदलावी लागते. लांबीसाठी त्याला खाचांचा सरकता सांधा असतो. कोनासाठी दोन्ही टोकांना बेचक्याच्या आकाराचे दोन दोन योक आणि त्यांच्या मध्ये अधिक चिन्हासारखा एक तुकडा असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘क्रॉस’ म्हणतात.

क्रॉसच्या चारही टोकांवर टोपणासारखे कप असतात आणि कपांच्या आत सुईसारखे बारीक रोलर. एवढ्याशा वस्तूवर किती भार येतो याचा ढोबळ हिशोब करता येतो. इंजिनाचे आघूर्ण १५० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४ धरले, तर शाफ्टवर ६०० न्यूटन-मीटर येते. क्रॉसच्या समोरासमोरच्या दोन टोकांवरील भारांमध्ये ६ सेंटीमीटर अंतर धरले, तर प्रत्येक कपावर १०,००० न्यूटन, म्हणजे साधारण एक टन वजनाइतका भार! आणि गंमत अशी की हे रोलर पूर्ण फिरतच नाहीत. शाफ्टच्या एका फेऱ्यात ते थोडे पुढे जाऊन थोडे मागे येतात. ग्रीस संपले, त्यात वाघोलीच्या खाणींची आणि खडी क्रशरची धूळ शिरली, की त्याच त्या जागी दाबले जाऊन ते क्रॉसच्या टोकांवर खाचा पाडतात. आमचा क्रॉस काढल्यावर अशा समांतर खाचा बोटाच्या नखालाही लागत होत्या.

काढणे मात्र सोपे गेले नाही. सर्क्लिप निघाल्या, पण कप गंजून योकमध्ये जाम बसले होते. हातोड्याने ठोकले तर योकचे कान वाकतात. शेवटी रात्रभर तेल मुरवत ठेवले. सकाळी शेगड्याच्या एका बाजूला लहान सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला मोठे सॉकेट धरून आवळले, तेव्हा कप ‘कट्ट’ करून सरकला. नवा कप बसवताना एक रोलर आत आडवा पडला होता. कप शेवटपर्यंत जाईना आणि सर्क्लिपची खाच दिसेना. पुन्हा काढा, ग्रीसने रोलर भिंतीला चिकटवा, पुन्हा बसवा.

एक सूचना येथेच देतो, कारण तिच्याशी जीवाची गाठ आहे. गाडी गिअरमध्ये उभी केली की ती सरकत नाही, अशी आपल्याला सवय असते. पण शाफ्ट सोडला की इंजिनाचा आणि मागच्या चाकांचा संबंधच तुटतो; गिअर असून नसल्यासारखा होतो. काही जुन्या जीपगाड्यांत तर हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टलाच लावलेला असे, म्हणजे तोही गेला. म्हणून आधी सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, नुसत्या जॅकऐवजी भक्कम स्टँड, आणि मगच खाली शिरावे.

दुपारपर्यंत दोन्ही क्रॉस बसले, शाफ्ट चढला आणि आम्ही केसनंदच्या दिशेने निघालो. चीं चीं थांबले होते, पण चाळीसच्या पुढे सगळी गाडी घुमू लागली. पाय ठेवायचा पत्राही थरथरत होता. दुरुस्तीआधी हे नव्हते. भाऊ काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशीचा माल ठरलेला होता.

ओळखीच्या एका वयस्कर मिस्तरींनी खाली नुसते डोकावून पाहिले. ‘‘साहेब, नळीच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत पाहिजेत. तुम्ही एक उभा, एक आडवा ठेवलाय.’’ सरकता सांधा काढताना मी खूण केली नव्हती. जोडताना वाटले, एक असा आणि एक तसा ठेवला तर तोल चांगला राहील. विज्ञानातील पदवी असलेल्या माणसाचा हा अंदाज!

चूक कुठे झाली ते समजण्यासाठी एक प्रयोग वर्गात करता येईल. पुठ्ठ्याची गोल चकती कापा आणि तिच्यावर मध्यातून दर ३० अंशांवर एक अशा आरपार पट्ट्या कापा किंवा बारीक काड्या चिकटवून कडे तेवढे ठेवा. सूर्यकिरणांना काटकोनात एक कागद धरा आणि त्याच्यापुढे ही चकती समांतर धरा. सावलीतील आरे सारख्या अंतरावर दिसतील. आता चकती एखाद्या आऱ्याभोवती ३० अंशांतून कलती करा. सावली लंबगोल होते. त्या आऱ्यापासून पुढचे आरे ३०, ६० आणि ९० अंशांवर न पडता सुमारे २६.६, ५६.३ आणि ९० अंशांवर पडतात. म्हणजे पहिला टप्पा २६.६ अंशांचा, तर तिसरा ३३.७ अंशांचा. चकती सारख्या वेगाने फिरली, तरी सावलीतला आरा कधी रेंगाळेल, कधी धावेल.

क्रॉसच्या सांध्यातही हेच गणित आहे. एका शाफ्टचे फिरणे दुसऱ्याच्या कलत्या पातळीत उतरते. कोनाच्या ‘टॅन’ला कलाच्या ‘कोज्या’ने गुणले की दुसऱ्या कोनाचा ‘टॅन’ मिळतो. इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी या सांध्याचे वर्णन १६७६ च्या आपल्या एका पुस्तकात केले. स्प्रिंगच्या नियमाचे हूक ते हेच. सूर्यघड्याळाशी असलेले या सांध्याचे नाते त्यांनी ओळखले होते. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे १८.५ अंशांवर, आडव्या सूर्यघड्याळात बारा ते एकच्या रेषांमध्ये जेमतेम ५ अंश असतात आणि पाच ते सहाच्या रेषांमध्ये ४० अंश. सूर्य तर आपल्या चालीने चाललेला असतो!

आता गाडीकडे येऊ. शाफ्टचा कल १० अंश असेल तर एका सांध्यापलीकडे वेग दीड टक्का वाढतो आणि दीड टक्का कमी होतो, तोही प्रत्येक फेऱ्यात दोनदा. ताशी ६० किलोमीटरला, चाकाचा परीघ २ मीटर आणि मागचे गिअर-गुणोत्तर ४ धरल्यास शाफ्ट सेकंदाला ३३ फेरे मारतो. म्हणजे सेकंदाला ६६ हिसके. यावर उपाय म्हणजे दुसरा सांधा. नळीच्या दोन्ही टोकांचे योक एका पातळीत असले आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले, तर पहिल्या सांध्याने केलेली घाई दुसरा सांधा बरोबर तेवढीच कमी करतो. मी एक योक ९० अंशांनी फिरवला होता. त्यामुळे वजाबाकीची बेरीज झाली आणि दीडचे तीन टक्के झाले.

शाफ्ट पुन्हा उतरवला. सरकत्या सांध्यावरचा चिखल रॉकेलने धुतला, तर खाली कारखान्याने कोरलेले दोन बाण निघाले! ते समोरासमोर आणून बसवले आणि वर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. नळीला डकवलेल्या पत्र्याच्या लहान तुकड्याला हात लावला नाही. तो तोल साधण्यासाठी असतो.

रात्री नऊला नगर रस्त्यावर पुन्हा चक्कर मारली. घुमणे गेले होते. पन्नासच्या आसपास किंचित कंप उरला आहे. मागचा एक पाटा बसल्यामुळे धुरी थोडी कलली आहे आणि दोन्हीकडचे कोन सारखे राहिलेले नाहीत, असे मिस्तरींचे म्हणणे पडले. कोनमापक लावून पाहिले तर पुढे ६ अंश आणि मागे ९ अंश भरले. पहाटे चारला गाडी माल घेऊन यार्डाकडे गेली. पाटा पुढच्या सुट्टीत बदलायचा आहे, आणि ते काम मिस्तरी करणार आहेत.